किटलीचा बिल्ला

आजी गेल्यापासून जो भेटेल तो मला एकच गोष्ट ऐकवतो. "तुझी आजी म्हणजे देवमाणूस!" औषधाच्या दुकानातला ऐकवतो, पोस्टातली बाई ऐकवते. परवा तर एका टक्कल पडलेल्या गृहस्थांनी भर रस्त्यात माझा हात धरला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "मला तिनं थोपटून झोपवलंय हो. असं, पाठीवर." आणि माझ्याच खांद्यावर थोपटून दाखवलं. मी मान हलवली. त्यांना वाटलं, पोरगी दुःखात आहे म्हणून गप्प आहे. दुःख आहेच. पण मी गप्प आहे ती वेगळ्याच कारणानं.

एक आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून म्हणाल, काय कृतघ्न कार्टी आहे. माझा तिच्यावर जीव होता. अजून आहे. रागही आहे. दोघं एकाच घरात राहतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत.

आजी म्हणजे माझ्या आईची आई. एक्केचाळीस वर्षं तिनं पाळणाघर चालवलं. रस्त्याला लागून दोन खोल्या, आणि वर एक, जिथे आम्ही दोघी राहायचो. पुढची खोली खेळायची, मागची झोपायची. पुढच्या खोलीला अर्धं दार. वरचा भाग उघडा, खालची फळी बंद, आणि कडी बाहेरच्या बाजूला, तीही इतकी खाली की मोठ्या माणसालाही फळीवरून ओणवं होऊन, हात बाहेर घालून चाचपडावं लागे. लहान पोरांची काय बिशाद! दाराशेजारी बुटक्या खुंट्या, खुंट्यांखाली ओळीनं छोटे छोटे बूट. फिनेल, गरम दूध आणि ओल्या कपड्यांचा वास. तो वास माझ्या केसांतून अजून जात नाही, कितीही धुवा.

सकाळी सातला दार उघडायचं आणि शेवटचं मूल गेलं की लागायचं. मग ते सहाला जावो की साडेसातला. एक बाई होती, तिला आम्ही जराबाई म्हणायचो. रोज धापा टाकत यायची आणि म्हणायची, "जरा उशीर झाला." जरा म्हणजे दीड तास. मावशी, म्हणजे आजीच्या हाताखालची मदतनीस, तोंडावर बोलायची, "बाई, तुमच्या एका जरामध्ये आमची सगळी भांडी घासून होतात." आजी मात्र चकार शब्द काढायची नाही. तिला उशीर चालायचा. मूल चुकीच्या हातात जाणं चालायचं नाही.

त्याला कारण होतं. पाळणाघर सुरू होऊन तीन वर्षं झाली असतील, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी, एका दुपारी निळा कोट घातलेली एक बाई दाराशी आली. तिनं एका मुलीचं नाव घेतलं आणि म्हणाली, "मी हिची आत्या." त्या मुलीची आत्या निळा कोट घालायची हे आजीला ठाऊक होतं. आजीच्या कडेवर एक रडतं पोर, दुसरं पायाशी उलटी करत होतं. तिनं कोट बघितला आणि मुलगी दिली. अर्ध्या तासानं खरी आत्या आली. निळ्याच कोटात.

मुलगी सापडली. दिवेलागणीनंतर, बसच्या थांब्यावर एकटीच बसलेली, हातात अर्धं बिस्कीट. तिला काही झालेलं नव्हतं. ती बाई कोण, कशासाठी आली, हे कधीच कळलं नाही. "त्या पाच तासांत तुझ्या आजीचे केस पिकले," असं मावशी सांगते. केस पाच तासांत पिकत नसतात. पण मावशीला समजवायला कोण जाणार!

दुसऱ्या दिवशी आजी सुताराकडे गेली आणि उरल्यासुरल्या लाकडाच्या गोल चकत्या कापून घेतल्या. तापवलेल्या तारेनं त्यांवर चित्रं काढली, प्रत्येक चित्र दोनदा. दोन ससे, दोन छत्र्या, दोन शिड्या, दोन मासे. हे बिल्ले. सकाळी मूल आलं की एक बिल्ला त्याच्या पाठीवर सेफ्टी पिनेनं लावायचा, बरोबर दोन खांद्यांच्या मधे, जिथे त्याचा स्वतःचा हात पोचत नाही. जोडीचा बिल्ला आणणाऱ्याच्या हातात द्यायचा. संध्याकाळी आजी दोन्ही बिल्ले शेजारी शेजारी धरायची आणि विचारायची, "जुळला?" नेणाऱ्यानं म्हणायचं, "जुळला." मग आजी म्हणायची, "दिलं." हा शब्द तोंडातून बाहेर पडेपर्यंत मुलाचं मनगट तिच्या मुठीत असायचं.

बिल्ला नाही तर मूल नाही. समोरच्या चौकातला हवालदार स्वतःच्या पोराला न्यायला आला, बिल्ला घरी विसरला. "मला ओळखत नाही का तुम्ही?" म्हणाला. "ओळखते की," आजी म्हणाली, "बिल्ला?" गेला बिचारा परत, कडाक्याच्या थंडीत. तेव्हापासून सगळी आळी तिला बिल्लाबाई म्हणायला लागली. तिला ते आवडायचं, दाखवायची नाही.

दुसरा नियम झोपेचा. एक ते तीन मुलं झोपायची, आणि झोपलेलं मूल द्यायचं नाही. "कच्च्या झोपेतून उठवलेलं पोर दिवसभर भेदरलेलं राहतं," असं तिचं म्हणणं. कोणी लवकर आलं तर बाहेरच्या पायरीवर बसायचं, हाक मारायची नाही, दार वाजवायचं नाही. बसून बसून ती पायरी मधोमध गुळगुळीत झाली आहे.

आता माझं. मी चार वर्षांची असताना आईनं मला तिथे आणलं. बाबा त्याआधीच निघून गेले होते, कुठे ते आमच्याकडे कोणी विचारत नाही. आईला लांबच्या गावी सूतगिरणीत काम मिळालं होतं आणि तिथल्या बायकांच्या वसतिगृहात मुलं चालत नव्हती. "दोन महिन्यांत खोली बघते आणि येते," म्हणाली. आजीनं बाकीच्यांसारखाच मला एक बिल्ला लावला आणि जोडीचा आईच्या हातावर ठेवला.

"आई, मला पण?" आई हसली म्हणे.

"तुला पण. आलीस की दाखव आणि घेऊन जा."

माझ्या वाट्याला किटली आली. मला ससा हवा होता. सशासाठी मी इतकी रडले की आई कधी गेली ते मला कळलंच नाही. अजून माझ्या मनाला ते लागून आहे. आई जात होती आणि मी सशासाठी भोकाड पसरलं होतं.

दोन महिने झाले, सहा झाले, वर्ष झालं. पहिल्या वर्षात दोन पत्रं आली, मग तीही थांबली. मी रोज संध्याकाळी अर्ध्या दाराशी उभी राहायचे. फळी माझ्या हनुवटीला लागायची. एकेक बिल्ला जुळायचा, एकेक पोर जायचं. ससा जायचा, छत्री जायची, जराबाईचा मासा सगळ्यात शेवटी जायचा. मग आजी माझ्या पाठीवरची पिन काढायची, किटली भिंतीवरच्या पहिल्या खिळ्याला अडकवायची आणि म्हणायची, "आज नाही आली. उद्या." आम्ही दोघी वर जायचो. सकाळी पुन्हा पिन. असं किती दिवस? तुम्हीच मोजा, मी मोजायचं सोडलं होतं.

आणि त्यात भर म्हणजे, आजी माझी असून माझी नव्हती. पाळणाघरात ती सगळ्यांचीच आजी. 'आजी' म्हणून हाक मारली की पंधरा तोंडं एकदम ओरडायची. मला दूध शेवटी, कारण घरचं मूल शेवटी. झोपेच्या वेळी तिचा उजवा हात एका पोरावर, डावा दुसऱ्यावर, पायानं तिसऱ्याचा पाळणा. तिसरा हात असता तरी माझ्या वाट्याला आला नसता. मी मोठी, मी शहाणी, मी गुपचूप पडायचं.

एक दुपार सोडून. मी सात वर्षांची होते. शाळेतून येऊन जेवले होते आणि वरच्या खोलीत चित्र काढत बसले होते. आजी खाली पुढच्या दाराशी कोणाशी तरी बोलून लगबगीनं वर आली आणि म्हणाली, "चल, आज तूही झोप."

"मला झोप नाही आली."

"झोप म्हटलं ना!"

तिनं मला हाताला धरून मागच्या जिन्यानं खाली झोपायच्या खोलीत नेलं, अगदी आतल्या भिंतीशी, जिथे उन्हाची तिरीपही येत नाही. माझ्या गादीवर माझ्या शेजारी आडवी झाली आणि मला थोपटायला लागली. फक्त मला! बाकीची पंधरा पोरं मावशीच्या गळ्यात. मावशी दाराशी येऊन काहीतरी पुटपुटली, आजीनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिचा तळहात रुंद होता, पाठीवर ठेवला की ऊबच ऊब. तो थांबला नाही. मधे एकदा मला जाग यायला लागली, तर हात जरासा जड झाला, जरासा जलद झाला आणि मी पुन्हा खाली खाली गेले. उठले तेव्हा पाच वाजले होते. ती तिथेच बसलेली, हात माझ्या पाठीवर. मग तिनं मला एक नवा कोरा पिवळा फ्रॉक दिला.

"आज काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही. घाल."

माझ्या लहानपणातली सगळ्यात गोड दुपार कोणती विचाराल तर ही. पुढे कधी काही खुपलं, कोणी लागेल असं बोललं, की मी मनातल्या मनात त्या भिंतीशी जाऊन झोपायचे. एकदा का होईना, आजी अख्खीच्या अख्खी माझ्या वाट्याला आली होती. मावशी मात्र आठवडाभर आजीशी बोलली नाही. मला वाटलं, पंधरा पोरं एकटीवर पडली म्हणून फुगली असेल.

दहाव्या वर्षी मी पाठीवर पिन लावू देईनाशी झाले. किटली पहिल्या खिळ्यावर लटकत राहिली ती राहिलीच. नवी मुलं विचारायची, "किटली कोणाची?" मी म्हणायचे, "कोणाची नाही." मागून आजीचा आवाज यायचा, "आहे. यायचीय तिची आई."

त्या पाळणाघरातून आजी एक दिवस हलली नाही. तिची सख्खी बहीण वारली, तरी गेली नाही. डोळ्याचं ऑपरेशन सहा वर्षं पुढे ढकललं. "मी नसताना ती आली तर?" हे तिचं उत्तर ठरलेलं. मला भरून यायचं. म्हटलं, माझ्यासाठी ही बाई स्वतःला कोंडून घेऊन बसली आहे, आपण हिला सोडून कसं जायचं?

आणि जायची वेळ आलीच. तेविसाव्या वर्षी मोठ्या शहरातल्या मुलांच्या रुग्णालयात मला दोन वर्षांच्या शिक्षणासाठी जागा मिळाली. राहायची सोय तिथेच. शेकड्यांनी अर्ज आले होते, त्यातून बाराजणी निवडल्या होत्या. मी पत्र आजीला वाचून दाखवलं. ती नको म्हणाली असती तर मी भांडले असते, भांडायची सगळी तयारी करून आले होते. तिनं नको म्हटलंच नाही. खुर्चीवर चढून किटलीचा बिल्ला खाली काढला, एप्रनला पुसला, परत अडकवला.

"जा की," म्हणाली. "ती आली तर मी सांगेन. म्हणेन, थोडा उशीर झाला तुला."

झालं. मी पत्र घडी करून उशीखाली ठेवलं ते पत्रावरची तारीख उलटून गेल्यावरच काढलं. मी गेले नाही. कोणी अडवलं नव्हतं, कडी काढायला फक्त वाकायचं होतं. पण मी वाकले नाही, आणि पुढची सात वर्षं पोरांची नाकं पुसली.

तिचा तो एप्रन मी दर रविवारी धुवायचे. राखाडी, जाड कापडाचा, दोन मोठे खिसे बाहेर आणि एक लहान आत, छातीशी. आतला खिसा चारी बाजूंनी शिवलेला. हाताला काहीतरी कडक लागायचं. "हे काय गं?" मी एकदा विचारलं होतं. "जुनं बटण आहे. राहू दे." एप्रन विरला, तिनं नवा शिवला, तो आतला खिसा उसवून नव्यावर लावला. म्हाताऱ्या माणसांचं असतं काहीबाही, म्हणून मी सोडून दिलं.

गेल्या वर्षी तिला झटका आला. डावी बाजू गेली, जीभ जड झाली. वरच्या खोलीत एकटीला करमेना, हाका मारत राहायची, म्हणून आम्ही तिची खाट मुलांच्या झोपायच्या खोलीत आणून टाकली. मुलांच्या श्वासांच्या आवाजात तिलाही झोप लागायची. एप्रन अंगात पाहिजेच, नाहीतर जेवायची नाही.

एका दुपारी अकरा मुलं ओळीनं झोपली होती. मी तिच्या खाटेशी बसून छोटे मोजे जोडत होते. बघते तर तिचा उजवा हात गादीवर थोपटत होता. थप, थप, थप. आणि ती पुटपुटत होती, "झोप. झोप गं. बाहेर कोणी नाही."

मला हसू आलं. "कोणाला झोपवतेयस, आजी?" मी हळूच विचारलं.

"किटलीला."

माझ्या हातातला मोजा तसाच राहिला.

"हळू बोल," ती म्हणाली. शब्द जड होते, पण कळत होते. "उठेल ती. तिची आई बसलीय पायरीवर."

"कोणाची आई?"

"किटलीची. माझी पोर गं. न्यायला आलीय. बिल्ला आणलाय तिनं."

"मग दे ना तिला," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"झोपलेलं मूल द्यायचं नाही." आणि ती हसली. साखरेच्या डब्यात हात घातलेलं पोर हसतं तशी. "तीनची बस आहे तिची. तोपर्यंत निजवते हिला. मग जाईल ती."

मला ओरडायचं होतं. पण समोर अकरा पोरं झोपलेली, आणि तिच्याच हाताखाली मी वाढलेली. तोंड उघडलं तर कुजबुजच बाहेर आली.

"का, आजी? का केलंस असं?"

ती छताकडे बघत राहिली. हात थोपटतच होता. "माझ्याकडे कोणाचं मूल राहत नाही गं," म्हणाली. "भरवायचं, निजवायचं, आणि संध्याकाळी देऊन टाकायचं. सगळी जातात. रोज जातात. एक राहू दे म्हटलं. एकच."

मी नखं कापायची कात्री घेतली आणि तिच्या छातीवरच्या खिशाचे टाके उसवले. तिनं उसवू दिले. आतून किटली निघाली. धुऊन धुऊन पांढरी पडलेली, पण किटलीच. तेवीस वर्षं ती तिथे होती आणि मी दर रविवारी ती धूत आले होते.

पुढच्या खोलीत जाऊन मी ती खिळ्यावरच्या किटलीशेजारी धरली. मावशी भाजी निवडत बसली होती. तिनं बघितलं आणि तिच्या हातातली सुरी खाली पडली.

"सांगितलं तिनं?" मावशी म्हणाली. "शप्पथ घातली होती गं मला. नाहीतर मी..."

मग तिनं बाकीचं सांगितलं. आई सव्वा वाजता आली होती. हातात पिशवी, पिशवीत पिवळा फ्रॉक. आजीनं बिल्ला तिच्या हातातून घेतला, म्हणाली, झोपलीय, बस. आई पायरीवर बसली. तीनदा उठून अर्ध्या दाराशी आली आणि मावशीला हळूच विचारून गेली, "उठली का?" पावणेतीनला आजी बाहेर आली आणि तिला म्हणाली, "पोर तुला विचारत नाही आता. रमलीय इथे. कशाला हलवतेस?" आई फ्रॉक ठेवून गेली. तिच्या डोळ्यांना धार लागली होती, मावशी म्हणाली, पण आवाज केला नाही तिनं. मुलं उठतील म्हणून.

हे ऐकलं आणि माझा अर्धा राग आईकडे वळला. अगं, एक हाक मारायचीस! तीन वर्षांनी आलीस, दोन भिंतींपलीकडे तुझी पोर, आणि तू नियम पाळत बसलीस? आली पहिली बस, चालली? दुसरी बस नव्हती? दुसरा दिवस नव्हता? पण तीही आजीचीच मुलगी. त्याच दाराशी वाढलेली. तिथे वाढलेल्यांना ओरडता येत नाही, हे मला दहाच मिनिटांपूर्वी कळलं होतं.

आणि ती दुपार! सगळं गेलं तरी ती होती माझ्याकडे. तो रुंद तळहात, ती भिंत, अख्खी आजी. मला जाग येत होती. मी उठतच होते.

आतून तिचा आवाज आला. मी गेले. ती मान वळवून माझीच वाट बघत होती, घाबरलेली.

"उठली का ती?"

क्षणभर वाटलं, तोंडावर सांगावं, हो उठली, तेवीस वर्षांनी, आणि बाहेर कोणी नाही. जिभेवर आलं होतं.

"उठली," मी म्हटलं.

तिचं तोंड वेडंवाकडं झालं. डोळ्यांतून जे पाणी येत होतं ते तिला एकाच हातानं पुसता येत होतं. "मग दे," म्हणाली. "देऊन टाक तिला. बाहेर बसलीय केव्हाची. दे गं!"

मी उठले. पुढच्या खोलीत गेले, फळीवरून वाकले, हात बाहेर घातला, कडी चाचपून काढली. दार उघडलं. पायरीवर ऊन पडलं होतं, मधल्या गुळगुळीत जागेवर चकचकत होतं. रस्त्यावरून एक सायकल गेली. मग दार लावून परत आले आणि दोन्ही किटल्या तिच्या डोळ्यांसमोर धरल्या.

"जुळला?" तिनं विचारलं.

"जुळला."

ती वाट बघत राहिली. एक शब्द उरला होता आणि तो तिला हवा होता. मला तो द्यायचा नव्हता. खरंच नव्हता. एका पोरानं झोपेत कूस बदलली, मी आपोआप त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"दिलं," मी म्हटलं.

तिचा हात थांबला. त्यानंतर पाच दिवस ती होती, पण थोपटलं नाही कधी.

लोक विचारतील, मग आईला शोधलंस का? सूतगिरणीच्या पत्त्यावर पत्र टाकलं होतं. गिरणी बंद झालीय, पत्र परत आलं. रुग्णालयातही चौकशी केली. त्या शिक्षणाला वयाची अट आहे, मी दोन वर्षांनी चुकले. म्हणजे आता मला धरून ठेवणारं कोणी नाही, आणि मी अजून सकाळी सातला दार उघडते. मावशी म्हणते, विकून टाक, जा कुठेतरी. कुठेतरी म्हणजे कुठे, ते तिलाही सांगता येत नाही.

बिल्ल्यांचा नियम मी तसाच ठेवलाय. झोपेचा मोडला.

परवा दुपारी दोनला एका मुलाचे वडील आले. बिल्ला दाखवला, छत्री. मी आत गेले, पोराला उचललं. ते किंचाळून रडायला लागलं, त्याच्या रडण्यानं आणखी तिघं उठली, मावशीनं कपाळाला हात लावला.

"अहो, कशाला उठवलंत त्याला?" वडील ओशाळून म्हणाले. "मला काही घाई नव्हती. बसलो असतो की मी पायरीवर."

"पायरीवर कोणी बसायचं नाही," मी म्हटलं. "जुळला?"

"जुळला."

"दिलं," म्हटलं, आणि मुलाचं मनगट सोडलं.